एका बाजूने झिजलेला टायर

देवरीच्या टायरवाल्याने माझ्या गाडीचा टायर काढून बाजूला टाकला. आतली कड पार गुळगुळीत, बाहेरची मात्र शाबूत. बाकावरचा एक म्हातारा उठला आणि दोन्ही कडांवरून अंगठा फिरवत राहिला. शेजारी दोन्ही कडांनी सारखे झिजलेले टायर ढिगाने पडले होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"हा नेऊ का जी?"

मला राहवेना. "हाच कशाला?"

"बुढीचा उजवा पाय बाहेरच्या कडेवर पडते. याची चप्पल कापतो तिले. जाड कड बाहेर ठेवली का पाय सरळ पडते. मंग येते माझ्यासंग धानाच्या बांधीवर."

खिशातून त्याने तिच्या पावलाच्या मापाची सुतळी काढली आणि टायरवर ताणून धरली. चेहऱ्यावर असं समाधान, जणू बाजारात मनासारखं कापड सापडलं.

मी टायर देऊन टाकला. तेवढ्यात टायरवाला म्हणाला, "साहेब, चाकं सीधी केली. आता टायर बराबर घिसतील."

सुतळी गुंडाळणारे म्हाताऱ्याचे हात थांबले. माझ्या गाडीकडे बघत तो जरा रुसूनच म्हणाला, "मंग पुढच्या खेपेले आमी कोणाकडे जावाचं जी?"

परतताना गाडी अगदी नाकासमोर चालत होती, आणि मला तेच खटकत होतं.