भोंग्याच्या आधी

आमची दाई भोंग्याच्या आधी ओरडायची. कारखान्याची पाळी बदलायची वेळ आली की ती अंगणात यायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "चला रे, तो बोंबलायच्या आधी आपण बोंबलू." मग सगळी पोरं जीव खाऊन ओरडायची आणि त्या गदारोळात भोंगा वाजून गेलेला कळायचाही नाही. जुनवानी वस्तीतले शेजारी वैतागायचे. ही पोरं पहिल्यांदा भोंगा ऐकून खाटांखाली शिरली होती आणि ताटं वाढली तरी बाहेर आली नव्हती, हे त्यांना कोण सांगणार? बस्तरातल्या ज्या गावांतून ती आली होती, तिथं मोठा आवाज झाला की कुणी ना कुणी मरायचं.

पोरं राहायची ते वसतिगृह एका संस्थेचं होतं आणि दाई तिथली वॉर्डन. मूळची भंडाऱ्याकडची, नवरा कारखान्यात होता, तो वारल्यावर इथं कामाला लागली. छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. पोरांनी म्हटलं, मग आम्हीही म्हणू लागलो. मी सेक्टर दोनमधला शाळामास्तर, रविवारी गणित शिकवायला जायचो.

दारातच चपला काढायची जागा होती. एकदा चौकशीला आलेला शिपाई खांद्यावर बंदूक घेऊन आत निघाला, तर दाई म्हणाली, "ते चपलेजवळ ठेवा, बापा."

"बाई, सरकारी आहे."

"बूटही सरकारीच दिसून राहिले. तिथंच ठेवा."

त्यानं सोबतच्या शिपायाला बंदूक देऊन बाहेर उभं केलं, बूट काढले आणि मोज्यांनी आत आला. दाईनं त्याला चहा दिला, माहिती मात्र दिली नाही.

कारण दाईच्या घरात पुसायला, म्हणजे विचारायला, बंदी होती. मलाही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोराले जेवला का, इतकंच पुसा. गाव नाही पुसायचं, बाप नाही पुसायचा. घरच्यायले कोणी मारलं, ते तर नाहीच."

"कावून पण?" मी विचारलं.

"पोरगं खरं सांगते, मास्तर. तिकडं खरं सांगितलं की दोन्हीकडचे येतात, फौजेचेही अन् जंगलातलेही."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

पुढचं मी घरीसुद्धा कधी सांगितलेलं नाही. वार्षिक कार्यक्रम होता, बाहेरचे पाहुणे आले होते आणि माईक माझ्याकडे होता. दाई मागे पुऱ्या तळत होती. बुधरी नावाची माझी हुशार विद्यार्थिनी, दहा-अकरा वर्षांची, कविता म्हणून झाली. सभागृह पेंगत होतं. मला वाटलं, यांना कळू दे ना. मी विचारलं, "बेटा, गाँव में क्या हुआ था?" तिनं सांगितलं. शाळेत फौज राहायला आली ते. नंतर जंगलातल्या दादा लोकांनी भावाला नेलं ते. गावासकट, नावांसकट. पाहुण्यांनी डोळे पुसले, टाळ्या वाजल्या. टाळ्यांना बुधरी दचकली, तेवढं मात्र मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो होता, खाली गावाचं नाव.

आठवड्याभरात तिचा काका आला. चपलांपाशीच बसला. "भाई को, बुधरी के बाप को, थाने में बैठा के रखे थे," तो म्हणाला. "छोड़े, तो अब दादा लोग मीटिंग में बुला रहे हैं. बोले, बच्ची को साथ लाओ."

दाईनं आधी त्याला जेवू घातलं. मग म्हणाली, "बच्ची नहीं मिलेगी. भाई-भौजी को भी वहाँ से निकाल." त्या कुटुंबानं घर, मोहाची झाडं, उभं धान सगळं सोडलं. बुधरीला दाईनं दुसरीकडे कुठं तरी हलवलं. कुठं, ते मला कळलं नाही.

मी माफी मागायला गेलो, तर दाई तांदूळ निवडत होती. "रविवारी येजा," ती म्हणाली. "पोरं पाढे विसरून राहिले." मला ती रागानं दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. मी अनेक वर्षं रविवारी जात राहिलो. बुधरीची जागा खिडकीजवळ होती. तिथं मी दुसरं पोरगं बसवलं नाही आणि दाईनं दर रविवारी कुणाला तरी तिथं बसवलं.

गेल्या हिवाळ्यात दाई सेक्टर दोनला मुलाच्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळली होती. मी जाऊन बसलो की ती डोळे मिटून पडायची. एकदा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मास्तर, तिचं पुसायचं असंल तर पुसून घ्या. मी गेल्यावर कोणी नाही सांगणार."

प्रश्न ओठांवर होता. इतकी वर्षं तिथंच होता.

"जेवलात का, दाई?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. "पेज घेतली थोडी," म्हणाली.

पाळी बदलायची वेळ झाली होती. तिनं उगाच पदर चाचपला, ओठ हलले, आवाज निघाला नाही. मग मीच ओरडलो. सून स्वयंपाकघरातून धावत आली. तोवर माझ्या ओरडण्यात भोंगा वाजून गेला होता.