रिव्हर्सचा दिवा का लागेना

अप्पांनी गाडी मागे घेताना समोरच्या घरातल्या अण्णांची स्कूटर पाडली, तेव्हा मी बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला ऑफिसात होते. आईने फोनवर सांगितलं, "कुणाला लागलं नाही गं. स्कूटर नुसती उभी होती." जणू स्कूटर पळत असती तर गोष्ट वेगळी होती. अण्णा मोठ्या मनाचे. "परवागिल्ला सार," चालायचंच, म्हणून त्यांनी विषय संपवला. मी काही संपवला नाही. त्याच आठवड्यात नाकावर राग घेऊन मल्लेश्वरमला आई-अप्पांकडे गेले आणि चपला काढायच्या आत सांगून टाकलं, की आता तुमचं गाडी चालवणं बंद.

"दिवसाउजेडी चालवतो की नीट," अप्पा म्हणाले. "त्या दिवशी अंधारून आलं होतं आणि रिव्हर्सचा दिवा लागला नाही. दोष तारेत आहे."

"दोष डोळ्यांत आहे," मी म्हणाले.

आमच्या घरात असं तोंडावर बोलायची पद्धत आहे. अप्पा हसले आणि तारेत करंट आहे का ते बघायचा टेस्ट लॅम्प शोधायला उठले.

अप्पांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. क्लच दाबणं त्यांना जन्मात शक्य नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी, सरकारी कारखान्यात इंजिनिअर असताना, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी साहेबाची ऑटोमॅटिक गाडी विकायला आहे असं त्यांच्या कानावर आलं. तेव्हा बेंगळुरूत अशा गाड्या शोधूनही सापडायच्या नाहीत. ती घेतली आणि अप्पा पहिल्यांदा कुणाला न विचारता घराबाहेर पडायला लागले. मला शाळेत सोडणं, आईला भाजीला नेणं, उगाचच नंदी हिल्सपर्यंत जाऊन येणं, सगळं त्या गाडीतून. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी कॅब बुक करून देते म्हटलं की ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. कॅबमध्ये माणूस सामानासारखा जातो, असं त्यांचं मत आहे.

शेवटी आईने निवाडा केला. आधी दिवा दुरुस्त करायचा. मग तिन्हीसांजेला अप्पांनी गाडी गेटबाहेर मागे काढून दाखवायची. जमलं तर गाडी त्यांची, नाही तर किल्ली माझ्याकडे. अप्पांनी लगेच मान डोलवली. तारेतल्या दोषावर त्यांचा एवढा विश्वास होता.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन आईला म्हणाला होता, "अक्का, जुनं वायरिंग कशाला उकरता? मागे दिव्याची एक नवी पट्टी लावतो, स्वल्प वेळ लागेल." अप्पांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. दोष न शोधता दुरुस्ती करणं म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी करून पास होणं.

मग आमचे रविवार सुरू झाले. मी सकाळी यायचे, आई पोहे करायची आणि आम्ही दोघं गाडीच्या पोटात शिरायचो. शिरायचे मी. अप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलली की थांबून बघायचं, हा त्यांचा नियम. मला घाई. मी एकदम बल्ब आणि फ्यूज दोन्ही काढले, तर त्यांनी दोन्ही परत जागच्या जागी बसवायला लावले.

"दोन्ही बदललेस आणि दिवा लागला, तर काय बिघडलं होतं ते कसं कळणार?"

"दिवा लागल्याशी कारण!"

"तुमच्या ऑफिसात असंच करतात वाटतं."

करतात, पण ते मी कशाला सांगू?

पहिल्या रविवारी दोन्ही बल्ब थेट बॅटरीला लावून बघितले. चांगले निघाले. फ्यूजही शाबूत. दुसऱ्या रविवारी डिकीतला अर्थिंगचा स्क्रू गंजलेला सापडला आणि मी आनंदाने ओरडले. पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला. अप्पांनी किल्ली फिरवली, इंजिन न लावता ब्रेक दाबून गिअरचा दांडा रिव्हर्सला टाकला. दिवा नाही. मला गाडीला लाथ मारावीशी वाटली. अप्पा मात्र खूश होते. एक शक्यता कमी झाली म्हणाले.

त्याच दुपारी दोन तारांपैकी जांभळी तपासू म्हणाले आणि स्वतः टेस्ट लॅम्पचा चिमटा तपकिरी तारेला लावला. मी म्हटलं, "अप्पा, ही तपकिरी आहे." ते म्हणाले, "इथे उजेड कमी आहे." दुपारचे बारा वाजले होते आणि अंगणात टळटळीत ऊन होतं. मी आधी म्हणाले होते तेच खरं ठरत होतं, तरी मला काही बरं वाटलं नाही. मी मुकाट्याने चिमटा उचलून जांभळ्या तारेला लावला. त्या दिवसापासून मीही मनापासून तारेतला दोष शोधायला लागले. तो सापडावा असं मला आता त्यांच्याहून जास्त वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही गिअरच्या दांड्यापाशी पोचलो. दांडा रिव्हर्सला गेला की त्याच्या बुडाशी असलेलं एक छोटं स्विच दाबलं जातं आणि मागच्या दिव्याला करंट मिळतो. स्विचच्या एका टोकाला टेस्ट लॅम्प लावला, पेटला. दुसऱ्या टोकाला लावला, तर काही नाही. अप्पांनी एक सुटी तार देऊन दोन्ही टोकं जोडायला सांगितली. आई मागे उभी होती, ती ओरडली, "लागला! अहो, लागला!"

म्हणजे तारा ठीक होत्या, स्विच मेलेलं होतं. मी ते काढून उघडलं. आत लाल-पिवळा लगदा वाळून दगड झाला होता. आधी वाटलं गंज. मग बोटाला रंग लागला, वास आला आणि मी आईकडे बघितलं.

दर खंडेनवमीला आई गाडीची पूजा करते. सगळं बेंगळुरू त्या दिवशी गाड्या धुऊन हार घालतं, चाकाखाली लिंबं ठेवतं, तेवढं आम्हीही करतो. पण आईचं समाधान बॉनेटवर होत नाही. ती आत बसून गिअरच्या दांड्यालाही हळद-कुंकू लावते, तेही चांगलं पाण्यात कालवून. वर्षानुवर्षांचं ते कुंकू दांड्यावरून ओघळून स्विचमध्ये जाऊन बसलं होतं.

"अगं, बॉनेटला लाव ना," अप्पा म्हणाले. "गिअरला कशाला?"

"पुढे जाताना तुम्ही असता," आई म्हणाली. "मागे येताना तुम्हाला देवच लागतो."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आम्ही तिघंही हसलो. त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, दिवा खरोखरच बंद होता. मी पेट्रोलच्या बोळ्याने कुंकू पुसून काढलं, आतले पितळी पत्रे घासले आणि स्विच परत बसवलं. अप्पांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. परीक्षा झाली की तिघांनी मसाला डोसा खायला जायचं ठरलं. आई पर्स घेऊन पायरीवर बसली.

सूर्य मावळला तसे अप्पा गाडीत बसले. मी मागे, गेटच्या आत उभी राहिले. इंजिन सुरू झालं, दांडा रिव्हर्सला गेला आणि दोन्ही दिवे एकदम लागले. माझे पाय, सलवार, हात, सगळं पांढऱ्या उजेडात न्हाऊन निघालं. मी टाळ्याच वाजवल्या.

"लागला!" अप्पा आतून म्हणाले. "आरशात दिसतोय मला. छान पडलाय." मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी मागे बघितलं. "पण तू कुठे उभी आहेस?"

मी त्यांच्यापासून गाडीच्या लांबीवर होते. दिव्याच्या मधोमध.

बाजूला झाले होते, असं मला सांगता आलं असतं. दोन पावलं सरकले असते तर ते खरंही झालं असतं. क्षणभर मी तसा विचारही केला. पण त्या दांड्यावर अजून त्यांचा हात होता आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"इथेच आहे अप्पा," मी म्हणाले. "तुमच्या मागेच. दिव्यात."

अप्पा ब्रेकवर पाय ठेवून तसेच बसून राहिले. मग दांडा पार्किंगला टाकला, दार उघडलं आणि गाडीला हात लावत लावत माझ्यापर्यंत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तिथे आहे याची खात्री करून घ्यावी तसा.

"इथे होतीस?"

"हो."

"आईला भूक लागली असेल," ते म्हणाले. "गाडी तू काढ."

डोळ्यांचे डॉक्टर, मोतीबिंदू, ऑपरेशन, होईल सगळं नीट, असं काय काय मी बोलायला लागले, पण त्यांनी मला हलकेच ढकललं. मी त्यांच्या जागी बसले. सीट पुढे ओढली. दांडा रिव्हर्सला टाकला आणि आरशात बघितलं. अप्पा मी उभी होते तिथेच उभे होते आणि मला "ये, ये, अजून ये" असा हात करत होते. आम्हीच दुरुस्त केलेल्या त्या दिव्यात मला त्यांच्या शर्टाची घडी न् घडी दिसत होती. इतके म्हातारे ते मला त्याआधी कधी दिसले नव्हते. ते हात करत राहिले आणि मला ब्रेकवरून पाय उचलवेना.