लग्नाची कॅसेट आणि दोन पातेली

माझ्या थोरल्या दिरांना मी आजतागायत माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. माझं लग्न कोल्हारला, माहेरी, दारात मांडव घालून झालं. त्या दिवसापासून भाऊजींनी एकच टुमणं लावलं होतं. सणवार असो, बारसं असो, चार माणसं जमली की ते मिशीवर हात फिरवत सांगायचे, "आमच्या धाकट्याच्या लग्नात सासऱ्यानं जेवान पुरवलं न्हाई बरं का! बुंदी पार संपली, शेवटची पंगत नुसत्या भातावर उठली."

बुंदी संपली होती, हे खरंच होतं. कशी संपली ते मात्र कुणालाच कळलं नव्हतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गावाला पुरून उरेल एवढी पाडून घेतली होती. पण हिशेब आपलाच चुकला असं त्यांनी मनाला लावून घेतलं. त्यानंतर कुणाच्याही लग्नाला गेले की ते मांडवात बसायच्या आधी आचाऱ्याकडे जायचे आणि पातेल्यांची झाकणं उचलून बघायचे. लोक हसायचे. माझ्या घरी आले तर चहा घेऊन लगेच निघायचे, जेवायला कधी थांबले नाहीत. असेच ते देवाघरी गेले. थोरल्या दिरासमोर तोंड वर करून बोलायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून मी सगळं गिळत राहिले.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून आम्ही नगरच्या घरी भिंतभर मोठा टीव्ही घेतला. त्याच सुमारास आईने कपाट आवरताना लग्नाची कॅसेट माझ्या हातात ठेवली. ही कॅसेट आम्ही एकदाच, भाड्याच्या व्हीसीआरवर, चौदा इंची टीव्हीवर पाहिली होती. तीही सप्तपदीपर्यंतच, मग वीज गेली होती. ह्यांच्या नागापूरच्या कारखान्यातल्या एका मित्राच्या माळ्यावर जुना व्हीसीआर पडून होता, तो आणला.

त्याच्या पाठीमागे पिवळी, पांढरी, लाल अशी तीन भोकं होती. नव्या टीव्हीला त्यातलं एकही नव्हतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे भंगारात द्या." मी दिलं नाही. मोबाईलवरून जोडणीची एक छोटी डबी मागवली. एका बाजूने तीन जुन्या वायरी, दुसऱ्या बाजूने टीव्हीची एचडीएमआय. दोन दुपारी नुसता निळा पडदा बघितला. मग पांढऱ्या कापडाला स्पिरिट लावून व्हीसीआरचं हेड पुसलं आणि एकदाचा बँडचा आवाज आला. चित्र आलं ते धुरकट, रेघारेघांचं आणि आडवं ताणलेलं. नवरी म्हणून उभी असलेली मी धान्याच्या कोठीसारखी दिसत होते. सेटिंगमध्ये जाऊन चित्र चौकोनी केलं, तेव्हा सगळे माणसात आले.

आमच्याकडचा शूटिंगवाला तीन तासांची कॅसेट शेवटपर्यंत भरून द्यायचा. विधी संपले की त्याने रुखवत घेतलं, मग मांडवाची झालर, मग गप्पा मारणाऱ्या बायका. त्या बायकांच्या मागे, कोपऱ्यात, वऱ्हाडाचा टेम्पो भरला जात होता. चौदा इंचात तो कोपरा नखाएवढा दिसला असता. इथे तो दाराएवढा होता. मोरपंखी सफारी घातलेला एक माणूस आला, मांडवाच्या मागून एक पातेलं उचललं, टेम्पोत ठेवलं. मग दुसरं. आणि त्यावर माझ्याच रुखवतातली गादी टाकली. तोंड नीट दिसत नव्हतं, पण वऱ्हाडात मोरपंखी सफारी एकच होता, आणि त्या सफारीचं कौतुक भाऊजी अजून सांगतात.

मी जमिनीवर बसूनच राहिले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरी सत्यनारायण होता. तिथे पानात हिरवी-गुलाबी बुंदी वाढली होती, थेट अण्णांनी पाडून घेतलेल्या बुंदीसारखी. सासूबाई म्हणाल्या होत्या, थोरल्यानं आणली. मी ती खाल्ली होती, आणि शेजारच्या पानावर भाऊजी माझ्या बापाची लाज काढत होते.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आईला मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं. भाऊजींना सोफ्याच्या मधोमध. चित्र मी पुन्हा आडवं ताणून ठेवलं होतं. सफारीवालाही कोठीसारखा दिसावा, तेवढी हौस मला फेडून घ्यायची होती. व्हीसीआरचा रिमोट केव्हाच हरवलेला, म्हणून मी व्हीसीआरला टेकून बसले. मोरपंखी सफारी वाकला, पातेलं उचललं, आणि मी पॉझ दाबला.

चित्र थरथरत उभं राहिलं. बाकीचे पुढच्या बायकांची नावं ओळखण्यात गुंग होते. भाऊजी मात्र कोपऱ्याकडे बघत होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "पुढं दाखवू? की आईला काही सांगायचंय तुम्हाला?"

जुना व्हीसीआर पॉझवर फार वेळ थांबत नाही, आपोआप बंद पडतो. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

त्यांनी घसा खाकरला. "आई, त्या दिवशी जेवान काय कमी पडलं नव्हतं. लोक उगंच बोलत्यात."

"कोण लोक?" मी विचारलं.

"मीच म्हनायचो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला. "आता मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ऐकायचं, ते ऐकायला राहिले न्हाईत."

मला वाटलं होतं, आता पोटातली आग विझेल. विझली नाही.

सगळे जेवायला उठल्यावर मी कॅसेट बाहेर काढायला गेले, तर आतून कर्रकन आवाज आला. मशीनने फीत खाल्ली होती. नेमका तो भाग चुरगळून चिंध्या झाला होता. स्वयंपाकघरात नेऊन मी ती कात्रीने कापली, उरलेली आत सरकवली आणि कॅसेट खोक्यात घालून बंद केली. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

आता भाऊजी येणार असले की मी ती कॅसेट कपाटातून काढून टीव्हीशेजारी उभी करते. ते तिच्याकडे पाठ करून बसतात. पानात मी दर वेळी बुंदी वाढते, हिरवी-गुलाबी. ते पानावर आडवा हात धरून पुरे पुरे म्हणतात.

"घ्या की, भाऊजी," मी पळी भरून वाढत म्हणते, "आमच्याकडं कधी कमी पडत नाही."