आठ काचा

शकुंतलाबाईंना आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी फसवलं. बाईंना रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलं सिकल. डॉक्टरांचं नाव मी इथे लिहीत नाही. वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

बाई दवाखान्यात रक्त तपासायच्या. माणूस भेटला की नमस्कार नंतर, आधी त्याची खालची पापणी ओढून पाहायच्या. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही. मला त्या पहिल्यांदा भेटल्या कुरखेड्याच्या आठवडी बाजारात. मी मोहफुलांचा व्यापारी. एका म्हातारीशी भावावरून माझं तोंड चाललं होतं. तेवढ्यात एक ठेंगणी, सावळी बाई गर्दीतून पुढे आली आणि तिने सरळ माझ्या डोळ्याला हात घातला.

“भाऊ, आवाज मोठा हाये तुमचा. रगत नाई आंगात.”

“तुले काय करायचं?” मी खेकसलो.

“मले काई नाई. तुम्ही पडसान तं या म्हातारीचा मोह कोण घेईन?”

म्हातारी खो खो हसली, आणि त्या हसण्यात तिने भावही वाढवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी रागारागात दवाखान्यात गेलो, रक्त दिलं. पोटात जंत निघाले. “बिनचपलेचे फिरता झाडाखाली,” बाई म्हणाल्या, “व्यापारी झाले, तरी पाय मजुराचेच राह्यले.” मी मोह वेचूनच वर आलो हे त्यांनी पायावरून ओळखलं होतं. त्या दिवसापासून त्यांना मी ‘तुम्ही’ म्हणू लागलो. फार कमी लोकांना म्हणतो.

बाईंचं स्वतःचं लाल कार्ड होतं. आमच्याकडे सिकल, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा पिढीजात आजार, घराघरात आहे. ज्याला आजार त्याला लाल कार्ड, ज्याच्या रक्तात नुसता अंश त्याला पिवळं. सोयरीक जुळवताना आधी कार्ड पाहतात, मग मुलगी. लाल कार्ड असलं की दवाखान्यात पुढचं कोणी विचारत नाही. ताप आला, सिकल. हाडं ठणकतात, सिकल. बाई हसून सांगायच्या, “कार्ड पाह्यतेत, मानूस नाई पाहत. लाल कार्डवाल्याले बैलानं शिंग मारलं, तरी सिकलच लिहितीन.”

त्या उन्हाळ्यात बाईंच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर निळे डाग उठले. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं, काचेवर थेंब पसरवला, जांभळा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी सहज डोकावलो होतो, तर मला ओढून बसवलं.

“पाहा. काय दिसते?”

“जांभये ठिपके.”

“हे लेकरं हायेत, भाऊ. हाडाच्या आत रगताचं पऱ्हं असते, धानाच्या कोवळ्या रोपाईचं असते तसं. आईच्या पोटात हात कुठी, पाय कुठी, हे सांगणारी काई जनुकं असतेत. तेच रगताच्या लेकराले सांगतेत, थांब, अजून रोवणीची वेळ नाई. वेळ आली का त्याहीनं चूप व्हावं लागते, तवा लेकरू मोठं होते, कामाले लागते. या रगतात ते चूप होऊन नाई राह्यले वाटते.”

“मंग?”

“मंग काय? पऱ्हं साऱ्या बांधीत, साऱ्या वावरात पसरलं. दिसाले हिरवंगार, लोंबी एक नाई.”

हे त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं, की मी विचारलं, “कोनाचं रगत हाये हे?” त्यांनी बोटावरचा कापूस दाखवला.

ती काच घेऊन बाई डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर टेबलावरून उठलेसुद्धा नाहीत. “तुम्ही रंग लावा, बाई. निदान मी करतो. तुमचं कार्ड लाल आहे ना? मग झालं.” आणि सिकल लिहून गोळ्या दिल्या.

बाईंना नागपूरला पाठवायची चिठ्ठी हवी होती. त्या कंत्राटी होत्या, रजाही डॉक्टरांच्याच हातात. मी म्हटलं, माझी गाडी दारात उभी आहे, चला. त्या म्हणाल्या, “चिठ्ठी नाई तं तिथीही लाल कार्डच वाचतीन.”

म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. सौदा हे माझं काम. समोरचा कुठे नमतो ते मला त्याच्या मानेवरून कळतं. डॉक्टर म्हणाले, “सिकल तपासणीचं शिबिर तोंडावर आहे. रक्त घेणारी ही एकटीच. शिबिर होऊ द्या, मग चिठ्ठी देतो. पंधरा दिवस.”

मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, बारा. मी टेबलावर हात आपटला, वर तक्रार करतो म्हणून ओरडलो. ते दहावर आले. मी पाच म्हटलं. आठावर सौदा ठरला. डॉक्टरांची मान झुकली होती. मी जिंकल्यासारखा बाहेर आलो.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मी सांगितलं, “पंधराचे आठ केले.”

त्यांनी कापसाचा बोळा हिरडीवर दाबला. मग म्हणाल्या, “मोहाचा भाव करून आले का, भाऊ?”

आठही दिवस त्यांनी काम केलं. इतरांची बोटं टोचली, आणि रोज सकाळी पहिलं स्वतःचं. रोजची एक काच, तिच्या कडेला हिऱ्याच्या टोकाच्या पेनने कोरलेला आकडा, एक ते आठ. शेवटच्या दिवशी पाहुणे आले, हार झाले, फोटो निघाला. फोटोत बाई कडेला आहेत. गालात कापसाचा बोळा आहे, म्हणून तोंड फुगलेलं दिसतं. लोकांना वाटलं, पान खाल्लंय.

त्या संध्याकाळी चिठ्ठी मिळाली. त्यावरही पहिला शब्द सिकलच होता.

मी ड्रायव्हरला गाडी काढायला लावली. नागभीडला रेल्वेचं फाटक बंद होतं. मागच्या सीटवर बाई आडव्या होत्या, डोळ्यांत रक्त उतरलेलं. मी ड्रायव्हरवर ओरडत होतो, फाटकवाल्यावर ओरडत होतो. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही सांगायचं असेल. त्यांनी हात वर केला आणि माझी पापणी खाली ओढली.

“आता चांगलं हाये रगत,” म्हणाल्या. मग कापडात गुंडाळलेल्या काचा माझ्या हातात दिल्या. “आपल्या डॉक्टरसाहेबाले दाखवजा. एकापाठोपाठ एक.”

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवी काच पाहताच विचारलं, “इतके दिवस कुठे होतात?” बाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. जनुकांचा तपास नंतर आला. गर्भात शरीर घडवणारी जी जनुकं पूर्ण वाढलेल्या रक्तपेशीत बंद असायला हवीत, ती बाईंच्या पेशींत उघडीच होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, “हे मला माहीत आहे. पऱ्हं.” त्यांना समजलं नाही. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, पण औषध सुरू करता आलं असतं.

काचा माझ्या कपाटात आहेत. यातल्या एका शिकलेल्या माणसाकडून मी त्या तपासून घेतल्या. पहिलीत ठिपके विरळ आहेत. आठवीत दुसरं काही दिसतच नाही.

डॉक्टर, दवाखान्यात सूक्ष्मदर्शक अजून तोच आहे. काचा घेऊन मी येतो. एकेक लावा, डोळा लावून पाहा, आणि सगळ्यांसमोर सांगा, कितवी काच पाहून तुम्ही चिठ्ठीवर सही केली असती? मी पाच म्हटलं होतं, आठ का केलं, ते मी सांगेन. पण आधी तुम्ही बोला.