सातवी साइट

सात गावांच्या सात वेबसाइट नोरीन पॅस्को एकटीच सांभाळायची. वणवा आला तर आसरा कुठे घ्यायचा, ती यादी सातही साइटना मिळून एकच. ती एका जागी बदलायची, मग एकेका साइटला सांगायचं, बाई गं, आता नवी प्रत घे. नाही सांगितलं तर ती जुनीच धरून बसणार. ही रीत नोरीननेच घातलेली. पूर्वी एकदा तिच्या एका चुकीने सातही साइट एकदम आडव्या झाल्या होत्या.

डिसेंबरात विरा गावच्या हॉलचं छप्पर दुरुस्तीला उतरवलं. नोरीनने यादीतून हॉल काढला, सहा साइटना नवी प्रत दिली आणि तेवढ्यात डगचा फोन आला. डग म्हणजे कौन्सिलातला तिचा साहेब. प्रत्येक वाक्य 'हे बघ'पासून सुरू करणारा. साइटवर टाकलेल्या शेतीप्रदर्शनाच्या फोटोंत मेंढ्या फार आणि माणसं कमी, यावर तो पाऊण तास बोलला. फोन ठेवून नोरीन जेवायला गेली. राहिली ती नेमकी विराचीच साइट.

जानेवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, उत्तरेकडून वणवा आला. विरात कॉल ट्रेविन नावाचे ऐंशीचे आजोबा एकटे राहायचे. साइट बघायला त्यांना नोरीननेच लायब्ररीत शिकवलं होतं. एखादा शब्द चुकला की हटकून फोन करायचे, पोरी, तुझ्या मास्तरांचं नाव सांग, जाब विचारतो. त्यांनी यादी वाचली, कुत्र्याला गाडीत घातलं आणि हॉल गाठला. दाराला कुलूप होतं. वणवा विझल्यावर दोघे गाडीतच सापडले.

दुसऱ्या दिवशी डग खुर्ची ओढून नोरीनजवळ बसला. कोणी, कधी, काय बदललं ते साइटच्या नोंदीत नावानिशी उतरतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"हे बघ, चौकशी बसणार. मागची तारीख घालून विराची नोंद घुसवता येते ना?"

"येते. नोंदींच्या जुन्या इतिहासावर नवा चढवायचा."

"हे बघ, मग चढव की. चौकशीतल्या वकिलांना यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणजे त्या दिवशी यादीत हॉल नव्हताच."

"तेच तर म्हणतोय."

"आणि कॉल म्हातारचळ लागल्यासारखे आपल्या मनानेच तिथे गेले."



नोरीनने विराच्या साइटला नवी प्रत दिली, आजच्या तारखेने. नोंदीत ती एरवी दोन शब्द लिहायची. आज लिहिलं: 'विरा राहून गेलं. माझ्याकडून. कॉल ट्रेविन यांनी आमची यादी नीट वाचली होती.' मग सगळा इतिहास, पहिल्या ओळीपासून, तिने चौकशीसाठी छापायला टाकला.