अण्णा 'हाक' म्हणाले होते

बॉनेट उघडलं की अण्णा आधी इंजिनाकडं बघायचे नाहीत. खांद्यावरचा टॉवेल नाकाला लावायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "शी! कोण केलाय रे ही घाण?"

गाडीचा मालक समोरच उभा असायचा. तो कधी आधीच्या मेकॅनिकचं नाव सांगायचा, कधी रस्त्यातल्या धुळीवर ढकलायचा. अण्णांना उत्तर नकोच असायचं. घाण केली कुणी हे त्यांना मालकाच्या नखांवरूनच कळायचं.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिक आणि घाणीची किळस? हलवायाला गोडाची शिसारी असावी तसलाच हा प्रकार. पण होता तो असा होता. बिदरजवळ भालकीत उदगीरच्या रस्त्याला माझं बॅटरीचं दुकान आहे. त्याच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं गॅरेज होतं. तिथली जमीन आमच्या घरातल्या ओट्यापेक्षा स्वच्छ असायची. हे मी बायकोला एकदाच बोलून दाखवलं, पुन्हा नाही.

अण्णा लिंगायत. गळ्यातलं लिंग ते कापडाच्या दोन घड्यांत बांधून बनियनच्या आत ठेवायचे. ग्रीसचा हात तिथपर्यंत जाता कामा नये. एकदा कशानं तरी दोऱ्याला ऑइल लागलं. अर्धं उघडलेलं इंजिन तसंच ठेवून माणूस घरी गेला, आंघोळ केली, नवा दोरा ओवला आणि मग परत आला. गिऱ्हाईक तोवर माझ्या दुकानात बसून माझं डोकं खात होतं.

एकदा एक जीप आली. दाराच्या आतल्या बाजूला गुटख्याच्या पिचकाऱ्या वाळून पापुद्रे धरलेले. अण्णांनी जीप ढकलत रस्त्यावर नेऊन लावली.

"अण्णा, ब्रेक लागंना की," ड्रायव्हर रडकुंडीला आला.

"न्हाई लागला तर न्हाई लागला. आधी दार धू. तुझी लाळ पुसायला बसलोय का मी हितं?"

त्यानं धुतलं. माझ्याच बादलीनं धुतलं. ती बादली मी नंतर वापरू शकलो नाही.

असा हा माणूस. पण ऐन उन्हाळ्यात माझी धाकटी पोर शाळेतून येताना गॅरेजच्या दारातच भडाभडा ओकली, तेव्हा मी पाणी आणायला पळालो आणि येऊन बघतो तर अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तिचं तोंड, फ्रॉक, पायसुद्धा पुसून काढले होते. त्यांच्या त्या टॉवेलनं! मी लाजून काहीतरी पुटपुटलो. "गप बस," ते म्हणाले, "लेकराची घाण ही घाण नस्ती." मग मला कळलं की त्यांची किळस वेगळ्या जातीची आहे. जे धुता येतं आणि तरी धूत नाहीत, त्याची ती किळस.

आता मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याचं नाव मला तोंडातही घ्यायचं नाही. धाकले धनी म्हणू. बापाचे ट्रॅक्टर कारखान्याला ऊस ओढतात, घरात माणसं कन्नड बोलतात, बाजारात मराठी. भालकीतल्या निम्म्या घरांचं असंच आहे. धनींकडं टर्बोची एक बसकी, लाल गाडी होती. तिचा आवाज रस्त्याच्या त्या टोकाला सुरू झाला की माझ्या दुकानातल्या काचा थरथरायच्या आणि धनी मात्र समोर लावलेल्या मोबाइलमध्ये स्वतःचं तोंड बघत गाडी चालवायचे.

एके सकाळी ते हैदराबादच्या भंगारातून एक इंटरकूलर घेऊन आले. अण्णा त्याला 'हवेचा रेडिएटर' म्हणायचे, आणि ते बरोबरच आहे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, दाबली की ती तापते, म्हणून मध्ये तिला गार करणारी ही जाळी. जाळी मोठी तर हवा जास्त गार, हवा गार तर गाडी जास्त पळणार. हा कूलर कुठल्या तरी ठोकलेल्या मोठ्या गाडीचा होता. मूळच्या कूलरच्या दुप्पट.

अण्णांनी त्याच्या नळीला नाक लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. "थू! त्या गाडीचा टर्बो फुटून मेलाय. सगळं ह्याच्या पोटात हाय."

त्यांनी आत रॉकेल ओतलं, कूलर दोन्ही हातांनी घुसळला आणि घमेल्यात उपडा केला. काळंकुट्ट, बुळबुळीत, तारा धरणारं काहीतरी बाहेर आलं. त्यात मेलेल्या माश्यांचे पंख, कुठला तरी लगदा, आणि या सगळ्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. वास असा की माझ्या समोरचा चहा मी गटारात ओतला. धनी त्याचंही शूटिंग करत होते. "अण्णा, जरा हसा की," म्हणाले.

"हे आत ऱ्हायलं तर तुझं इंजिन खाईल," अण्णा म्हणाले. "उद्या अजून धुतो. परवा बसवतो."

"आजच पायजे. संध्याकाळी दोस्त येणार हायत बायपासला. धुतलात की एकदा. कामून लांबवायलाव?"

अण्णा नाहीच म्हणाले असते. पण धनींनी बापाला फोन लावून दिला, आणि बापाचे सगळे ट्रॅक्टर वर्षानुवर्षं अण्णांकडंच यायचे. फोन ठेवून अण्णांनी पुन्हा रॉकेल घेतलं. कूलर पुन्हा पुन्हा धुतला. फडक्यावर चमक यायची थांबली नव्हती, तरी दुपारी बसवायला घेतला. बंपरच्या आतला पत्रा कापला, नवे पाइप वळवले. मदतीला त्यांचा मेव्हणा होता, भालकीजवळच्या मेहकरचा, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा.

इथं तुम्हांला अण्णांच्या गॅरेजमधली बोली सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकाशी ते मराठी बोलायचे, चिडले की दखनी, पण हातात पाना आला की जीभ आपोआप कन्नडवर यायची. 'तगी' म्हणजे काढ. 'बिडू' म्हणजे सोड. 'हाक' म्हणजे घाल, बसव. दिवसभर भिंतीपलीकडून मला तेच ऐकू यायचं, हाक, तगी, हाक, तगी. मराठीत हाक म्हणजे गाडी चालव, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण शेंबड्या पोरालाही आमच्याकडं कळतं की कोण कुठल्या भाषेत बोलतोय.

सगळं जोडून झालं. पाइपाच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, आत बसलेल्यानं ॲक्सिलेटर दाबायचा, कुठून हवा गळते ते बुडबुड्यांवरून बघायचं. गाडीत धनी बसले. "न्यूट्रल हाय ना?" अण्णांनी विचारलं. "हाय, हाय." अण्णा गाडीच्या तोंडापुढं उकिडवे बसले. मागं भिंत, भिंतीला टेकून लोखंडी टेबल. बाजूला मेव्हणा सांध्यावर बसवायची पट्टी हातात घेऊन उभा.

खालच्या सांध्याला फेस आला. अण्णा मेव्हण्याला म्हणाले, "हाक."

आणि गाडी उडाली.

मी माझ्या पायरीवर उभा होतो. टेबल भिंतीत घुसल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आत दुसरा एक आवाज. तो मी लिहिणार नाही. गियर पडलेला होता, पाय नुसता क्लचवर होता. सकाळपासून ज्या माणसाला फक्त गाडी पळवायची होती, त्याला तेवढाच एक शब्द हवा होता.

मेव्हण्यानं आणि मी गाडी मागं ढकलली. अण्णांचा उजवा पाय गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता. ते शुद्धीवर होते. धनी खाली उतरले, बंपरपाशी वाकले आणि पहिलं वाक्य बोलले. ते मी माझ्या कानानं ऐकलं.

"कूलर तर फुटला न्हाई ना?"



बिदरला नेलं. पाय कापला. खर्च धनींच्या बापानं विचारायच्या आधीच केला आणि त्याबरोबरच बाजारात एक गोष्ट पसरवली की अण्णा स्वतःच 'हाक' म्हणाले. पुरावाही होता. धनींचा मोबाइल चालूच होता ना! चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्यावर धनी त्या व्हिडिओचा तेवढाच तुकडा दाखवत फिरले. त्यात अण्णा दिसत नाहीत, नुसता आवाज येतो, स्पष्ट, "हाक." लोक ऐकायचे, च्च च्च करायचे. "वय झालं बिचाऱ्याचं," म्हणायचे. दोन्ही भाषा पाजून वाढवलेली माणसं ही. एकालाही दुसरा अर्थ सुचला नाही. ट्रॅक्टरवाल्याचं गिऱ्हाईक कुणाला नको असतं?

अण्णांना हे दवाखान्यातच कळलं. पाय गेल्याचं त्यांनी एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं. म्हणाले, "गाडीच्या तोंडापुढं बसून मी स्वतः गाडी हाक म्हणलो? असला गाढव मेकॅनिक हाय व्हय मी?" ठाण्यात चला म्हटलं तर नको म्हणाले. "मला पैसा नको, केस नको. एकदा चौघांत त्यानं म्हणू दे, मी ऐकलो चुकीचं. बस."

म्हणून बैठक बसली. अण्णा कुबड्या घेऊन आले, पांढरं धुवट धोतर, कपाळाला भस्म. गल्लीतले दोन वडीलधारे, धनी, धनींचा बाप, मेव्हणा आणि मी.

"तुमच्या घरात कन्नडच बोलत्यात न्हवं?" मीच विचारलं.

"हौ, म्हातारी माणसं बोलत्यात. मला एवढं येत न्हाई," धनी मोबाइलवरून अंगठा फिरवत म्हणाले. "मला मराठीच समजतंय. हाक म्हणले, हाकलो."

त्यांचा बाप छताकडं बघत होता. मी उठून उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. वडीलधाऱ्यांनी मला धरून खाली बसवलं. थोरला म्हणाला, "जाऊ द्या अण्णा. शब्दाचा घोळ झाला. चूक दोघांची."

अण्णांनी धनींकडं बघितलं. फुटलेल्या टर्बोच्या नळीत बघावं तसं बघितलं. मग म्हणाले, "बाबू, तू पळून गेला असतास तरी मला चाललं असतं. खोटं कामून बोलायलास?"

धनींचा अंगठा मोबाइलवर फिरतच होता. अण्णांनी कुबड्या ओढल्या. चहा आला होता, कुणी घेतला नाही.

गॅरेज मेव्हण्यानं थोडे दिवस चालवलं. गिऱ्हाईक हळूहळू तुटलं. 'हाक म्हणणाऱ्याचं गॅरेज' असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. बाजाराला असली नावं ठेवायला फार बुद्धी लागत नाही. अण्णा जनवाड्याला लेकीकडं राहायला गेले. मी जायचो. ते अंगणात बाजेवर बसून लेकीच्या घरचे स्टोव्ह, पंप, जे मिळेल ते धूत असायचे. बोलताना मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "बाजारात अजून तसंच म्हणत्यात का?" मी नाही म्हणायचो. त्यांना माझं खोटं लगेच कळायचं, आणि ते पुन्हा हातातलं धुवायला घ्यायचे.

कापलेली जखम कधी पुरती भरलीच नाही. थंडी सरता सरता ते गेले.

जनवाड्याच्या शेतात खड्डा खणला होता. त्यांच्यात बसवून पुरतात तसं अण्णांना बसवलं, कपाळभर भस्म, अंगावर बेलाची पानं. धनींना बापानं सोबत आणलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून आणलं असणार. काळा चष्मा लावून ते कडेला उभे होते. बैठकीतले दोघे वडीलधारेही आले होते. एकेक जण पुढं होऊन मूठभर माती टाकत होता. अण्णांच्या भावकीतला एक म्हातारा खड्ड्यापाशी उभा राहून सगळ्यांना पुढं बोलवत होता. औरादकडचा, त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं धनींना बघितलं आणि हात करून कन्नडात म्हणाला,

"नीनू मण्ण हाक." तू माती घाल.

धनींनी चष्मा काढला, वाकून मूठभर माती उचलली आणि खड्ड्यात टाकली. म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मेव्हणा माझ्याकडं बघत होता. वडीलधाऱ्या दोघांनी माना खाली घातल्या.  माझी माती मी कशीबशी टाकली आणि बांधापलीकडं जाऊन ओकलो.