डाव्या कानासाठी दोन तिकिटं

मी सुरतेत पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. दिवसभर ‘गप्प बसा’ म्हणण्याचा पगार घेते आणि सुट्टी मिळाली की जिथे कुणी कुणाला गप्प करू शकत नाही अशा ठिकाणी जाते. म्हणजे रॉकच्या कार्यक्रमाला. पंचेचाळिशीच्या बाई ड्रमच्या ठोक्यावर मान हलवतात हे शाळेत कळलं, तेव्हा एका सहकारी बाईंनी मला मानदुखीवरचं तेल आणून दिलं.

आमच्याकडे असा कार्यक्रम झालाच तर शहरातल्या एका मोठ्या सभागृहात होतो. गार हवा, लाल मखमली खुर्च्या, तिकिटावर खुर्चीचा नंबर. तिथे गायला मिळालं म्हणजे माणूस मोठा, अशी एकूण समजूत. खरं तर रॉकला लागतं मैदान, पण सुरतेचा प्रेक्षक ऐसपैस बसून घेतो. पहिल्यांदा मी तिथे एक बँड पाहिला तेव्हा गिटारवाला गुडघ्यांवर येऊन जीव तोडून वाजवत होता, आणि शेजारच्या काकी माझ्यापुढे डबा धरून म्हणत होत्या, “लो ने बेन, खाखरा घरना छे.” मला राहवेना म्हणून उठले, तर मागून आवाज आला, “बेन, बेसी जाओ ने, देखातुं नथी.” दुसऱ्या खेपेला शेवटच्या गाण्याला लोक उठले खरे, पण उठून त्यांनी गरब्याचा फेर धरला. माझा तर तिळपापड झाला. पाच मिनिटांनी त्या फेरात मीही होते, हे कबूल केलेलं बरं.

तिसऱ्या खेपेला मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेले.

आबा तरुणपणी धुळ्याकडून आले आणि जन्मभर इथल्या उधना भागात पावरलूमवर राबले. लूमच्या खात्यात, इथे कारखान्याला खातंच म्हणतात, सगळी यंत्रं एकदम खडखडत असतात. कान त्यातच गेले. उजवा पार गेला, डाव्यात थोडं उरलंय. कानात ऐकायचं मशीन घातलं तर येतं ऐकू. यंदा दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “डावाही फार दिवस साथ देणार नाही. काय ऐकवायचं असेल ते ऐकवून घ्या.”

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. काय ऐकवायचं यावर मी आठवडाभर विचार केला आणि मला एकच गोष्ट सुचली. हिंदीत गाणारा एक बँड कॉलेजपासून माझ्या सोबतीला आहे. त्याच्या गाण्यांवर मी परीक्षा दिल्या, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तग धरला, आई गेल्यावर घर सांभाळलं. त्यातलं एक गाणं तर माझंच म्हणावं असं. माझ्या बापाला ते ठाऊकही नसावं, याचं मला एकदम फार वाईट वाटलं. तेवढ्यात त्याच बँडचा कार्यक्रम त्या सभागृहात लागला. डावा कान शाबूत आहे तोवर ते एक गाणं आबांनी ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी पर्वत पाटियाला आमचं घर, तिथून रिक्षाने गेलो. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बाल्कनीत बसलो, दिवे मंदावले, पहिला ठोका पडला, आणि आबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं.

“कुई कुई करस,” ते म्हणाले. शिटी वाजते म्हणे.

मी खुणा केल्या, हात जोडले. नाही म्हणजे नाही. गाढवापुढे वाचली गीता, असं माझ्या मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. तीन गाणी झाली. आबा रंगमंचाच्या बाजूच्या मोठ्या पडद्याकडे क्रिकेटची मॅच बघावी तसे टक लावून बघत होते. पडद्यावर गायकाचा चेहरा दारापेक्षा मोठा दिसत होता.

इकडे माझं दुसरंच बिनसलं. गाण्यात वरची जागा आली की गायक माइक लोकांपुढे धरायचा. एकदा मजा वाटली. चौथ्यांदा मी हाताची घडी घालून बसले. तू गा की बाबा, आम्ही कशाला आलोय इथे? खालून कुणीतरी कुत्सित शिटीही मारली.

तेव्हा आबांनी मला कोपर मारलं. “त्याना गळा बसी गया.”

“तुम्हाला काय माहीत?”

“गिटारवाल्याले सांगस ना. दोनदा सांगं त्यानी. ‘गला गया, ऊपर का मत बजा.’”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खात्यातल्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतो. तिथले लोक एकमेकांचे ओठ बघून बोलतात. लग्नं ठरवतात, भांडतात, थट्टा करतात, सगळं आवाजाशिवाय. लहानपणी मी लांब उभी राहून पुटपुटलेली शिवीसुद्धा आबा पकडायचे. सगळं सभागृह जे ऐकू शकत नव्हतं ते त्यांना दिसत होतं.

“मग थांबत का नाही तो?” मी आवाज न काढता विचारलं.

“लोके बठेल शेतस,” आबा म्हणाले. “पाळी भरनी पडस.” खात्यातही अंगात ताप असला तरी ते पाळी पुरी करूनच घरी यायचे.

मी पडद्याकडे नीट पाहिलं. पन्नाशी उलटलेला, घामाने निथळणारा माणूस. माइक लोकांकडे वळवला की दुसरा हात गळ्याशी जायचा. माझा राग कुठल्या कुठे गेला. कुणीतरी याला गरम पाणी द्या रे, असं ओरडावंसं वाटलं.

शेवटी माझं गाणं आलं. पहिली ओळ फाटकी निघाली, दुसरी निघालीच नाही. या वेळी त्याने माइकही पुढे केला नाही. नुसता उभा राहिला. वाजवणारे एकेक करून थांबले. मग खालच्या रांगेतून कुणीतरी ओळ उचलली, आणि मखमली खुर्च्यांवर बसलेली ती सगळी सुरती माणसं गायला लागली. मी उभी राहिले. मागून कुणीही बेसी जाओ म्हणालं नाही. मला गाता येत नाही. शाळेत मी प्रार्थना म्हटली की पोरं एकमेकांना चिमटे काढतात. तरी मी गायले.

धृपद संपताना पाहिलं, तर आबाही उभे होते. रंगमंचाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून, माझ्या ओठांकडे बघत होते. मी लाजून तोंडावर हात धरला. त्यांनी तो बाजूला केला.

“हाई तेच ना,” कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले, “भाकरी करतांना तू म्हनस ते?”

भाकऱ्या करताना माझ्या कानात इयरफोन असतात आणि तोंडातून आवाज म्हणून निघत नाही. नुसते ओठ हलतात. आबा समोर पेपर वाचत बसतात, असं मी इतकी वर्षं समजत होते.

सभागृह दुसऱ्या कडव्याला पोचायच्या आत आबांनी ते अख्खं कडवं म्हणून दाखवलं, पोरांनी पाढे म्हणावेत तसं, एका सुरात. एक शब्द चुकला नाही. चाल मात्र त्यांना ठाऊक नव्हती. ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

आबांनी आपणहून खिशातून मशीन काढलं, डाव्या कानात बसवलं आणि मान किंचित तिरकी करून, लोक गात होते ते ऐकत उभे राहिले.

“अशी म्हनतस व्हय,” ते म्हणाले.